प्लाझ्मा आणि प्रकाश-उत्प्रेरक एकत्र: दूषित हवा साफ करणारी प्रायोगिक नळी कशी बांधावी आणि कशी तपासावी

रंगाचं बूथ, छपाईचं यंत्र, गोंद लावणारी लाइन अशा ठिकाणांहून बाहेर पडणाऱ्या हवेत सॉल्व्हंटची वाफ असते, पण विरळ: दहा-वीस पीपीएमपासून (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग) काहीशे पीपीएमपर्यंत. ती जाळायची तर तिच्याबरोबरची सगळी हवा तापवावी लागते. तशीच सोडली तर वास आणि विष आसपासच्या लोकांच्या श्वासात जातात. या मधल्या पट्ट्यासाठी प्लाझ्मा आणि प्रकाश-उत्प्रेरक ही जोडी उपयोगी पडते.

हा लेख प्रयोगशाळेत पहिली नळी बांधणाऱ्यांसाठी आहे. मिनिटाला ५ लिटर हवा, तीत १०० पीपीएम टोल्युइन हे नेहमीचं सॉल्व्हंट, आणि ते मोडायला एक हातभर लांबीची क्वार्ट्झची नळी. एक गोष्ट पहिल्या दिवसापासून मनात पक्की ठेवा: टोल्युइन नाहीसं झालं म्हणजे हवा साफ झाली असं नाही. त्यातला कार्बन कुठे गेला याचा हिशेब लागेपर्यंत काम अर्धंच झालेलं असतं. पुढची जवळजवळ प्रत्येक पायरी त्या हिशेबासाठी आहे.

दोघांना एकत्र का आणायचं

इथे वापरायचा प्लाझ्मा, म्हणजे विद्युतभारित कणांचा वायू, थंड असतो. दोन इलेक्ट्रोडच्या मध्ये काचेसारखा अवरोधक ठेवून प्रत्यावर्ती उच्च विद्युतदाब (पुढे नुसता ‘उच्च दाब’) दिला की हवेत असंख्य बारीक ठिणग्या उठतात आणि काही नॅनोसेकंदांत विझतात. यालाच डिस्चार्ज म्हणतात. ओझोन बनवण्यासाठी व्हेर्नर फॉन सीमेन्स यांनी १८५७ मध्ये वापरलेली रचना मुळात हीच. ठिणगीतल्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा काही इलेक्ट्रॉनव्होल्ट असते, आणि एक इलेक्ट्रॉनव्होल्ट म्हणजे सुमारे ११,६०० केल्विन. पण हवा मात्र कोमटच राहते. हे इलेक्ट्रॉन ऑक्सिजन आणि पाण्याचे रेणू फोडतात, त्यातून ऑक्सिजनचे अणू, हायड्रॉक्सिल आणि ओझोन तयार होतात, आणि ते टोल्युइनवर तुटून पडतात. काम झपाट्याने होतं, पण अर्धवट. बेन्झाल्डिहाइड, बेन्झोइक आम्ल, फॉर्मिक आम्ल, कार्बन मोनॉक्साइड असे तुकडे मागे उरतात आणि ओझोन शिल्लक राहतो.

प्रकाश-उत्प्रेरकाचा, म्हणजे इथे टायटॅनियम डायऑक्साइडचा, स्वभाव उलटा. त्याच्या अ‍ॅनाटेस या स्फटिकरूपाचा ऊर्जापट्टा (इलेक्ट्रॉन सुटायला लागणारी किमान ऊर्जा) ३.२ इलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणून ३८७ नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचा प्रकाश पडला की त्यात इलेक्ट्रॉन आणि रिकामी जागा अशी जोडी सुटते आणि पृष्ठभागावर चिकटलेला सेंद्रिय रेणू शेवटपर्यंत जळतो. काम नेटकं, पण संथ. किती संथ ते आकड्यांत पाहा. आपल्या नळीत दर सेकंदाला सुमारे २ × १०^१७ टोल्युइनचे रेणू येतात. एक रेणू पूर्ण जाळायला ९ ऑक्सिजन लागतात, म्हणजे ३६ इलेक्ट्रॉनांची देवघेव. खाली सांगितलेल्या दिव्यांतून पृष्ठभागावर सेकंदाला साधारण ५ × १०^१७ फोटॉन पडतात. एकही फोटॉन वाया गेला नाही असं धरलं तरी गरजेच्या चौदाव्या हिश्शाइतकेच. नुसत्या प्रकाशाने १०० पीपीएमचं काम होणार नाही, हे बांधणीच्या आधीच कळतं.

जोडी जुळते ती अशी: मोठा घाव प्लाझ्मा घालतो, उरलेले तुकडे पृष्ठभागावर बसतात आणि प्रकाश त्यांचा शेवट करतो. शिवाय उरलेला ओझोन पृष्ठभागावरचा मोकळा इलेक्ट्रॉन उचलतो. त्यामुळे इलेक्ट्रॉन आणि रिकामी जागा पुन्हा एकमेकांत मिळण्याचं प्रमाण घटतं, आणि ओझोनही मोडतो. एकाचा कचरा दुसऱ्याचा कच्चा माल होतो.

नवख्यांचा एक नेहमीचा समज इथेच काढून टाकू. प्लाझ्माचा जांभळट उजेड उत्प्रेरकाला पुरेल असं वाटतं, कारण नायट्रोजनच्या ३३७ आणि ३५७ नॅनोमीटरच्या रेषा बरोबर हव्या त्या पट्ट्यात येतात. पण त्या उजेडाची तीव्रता फार क्षीण असते. दिवे वेगळे लावावेच लागतात.

आधी धोके

उच्च दाब, ज्वलनशील वाफ, ओझोन आणि अतिनील किरण हे चारही एकाच टेबलावर येतात. म्हणून सगळी मांडणी फ्यूम हूडमध्ये करा आणि वीज चालू असताना एकटं काम करू नका.

टोल्युइनची हवेतली स्फोटाची खालची मर्यादा सुमारे १.१ टक्के, म्हणजे ११,००० पीपीएम. आपलं १०० पीपीएम तिच्या एक टक्क्याच्या आत आहे. धोका नळीत नाही, बबलरमध्ये आहे, म्हणजे द्रव टोल्युइनमधून वायूचे बुडबुडे सोडून वाफ उचलणाऱ्या बाटलीत. २५ अंशांना टोल्युइनची संपृक्त वाफ ३.७ टक्क्यांच्या आसपास असते, म्हणजे हवेत मिसळली तर थेट स्फोटक पट्ट्यात. बबलर बर्फात ठेवला की ती ०.९ टक्क्यांवर येते. तरीही वाहक वायू म्हणून हवा न वापरता नायट्रोजन वापरा आणि बबलरनंतर ज्वालारोधक बसवा. हवेचा प्रवाह थांबला तर उच्च दाब आपोआप तुटला पाहिजे. प्रवाह-स्विचला जोडलेला साधा रिले त्यासाठी पुरतो.

ओझोनची कामाच्या जागेची ८ तासांची मर्यादा अनेक देशांत ०.१ पीपीएम आहे, आणि नळीतून बाहेर पडणारा ओझोन काहीशे पीपीएम असू शकतो. बाहेरच्या वाटेवर मँगनीज डायऑक्साइडचा थर ठेवा आणि त्यानंतरचा वायू हूडच्या खेचीत सोडा. थर ओला झाला की निकामी होतो, हे लक्षात असू द्या. कोळशाचा थर मात्र ठेवू नका. दाट ओझोन कोळशाला तापवतो, आणि वर टोल्युइन शोषलेलं असेल तर आगीला कारण मिळतं. ३६५ नॅनोमीटरचे दिवे डोळ्यांना मंद दिसतात म्हणून निर्धोक वाटतात. अतिनील रोखणारा चष्मा घालूनच ते लावा. टायटॅनियम डायऑक्साइडची कोरडी भुकटी तोलताना कणरोधक मास्क हवा.

पायरी १: नळी

क्वार्ट्झची नळी घ्या: बाहेरचा व्यास २४ मिलिमीटर, आतला २१, लांबी ३०० मिलिमीटर. साधी काच स्वस्त पडते, पण ती अतिनील प्रकाश काही प्रमाणात खाते आणि ठिणगीच्या उष्णतेने तडकते. मधोमध १६ मिलिमीटर व्यासाचा ३१६ स्टेनलेस स्टीलचा दांडा. त्याच्यावर उत्प्रेरकाचं अर्धा मिलिमीटर जाडीचं कापड गुंडाळलं की चहूबाजूंनी २ मिलिमीटरची फट उरते. नळीच्या बाहेरून २०० मिलिमीटर लांबीत स्टीलची जाळी घट्ट गुंडाळायची. जाळीचा किमान ६० टक्के भाग मोकळा हवा, कारण प्रकाश तिच्यातूनच आत जायचा आहे.

उच्च दाब दांड्याला द्या आणि जाळी भूमीकडे (अर्थिंगला) जोडा. दिवे जाळीजवळ असतात आणि हातही तिथेच जातो, म्हणून ही दिशा कधी उलटवू नका.

दांडा टेफ्लॉनच्या दोन चकत्यांवर बरोबर मध्यात बसला पाहिजे. चकत्यांना हवेसाठी सहा-आठ भोकं पाडा, म्हणजे हवा एका बाजूने न पळता चहूकडून जाईल. दांडा अर्धा मिलिमीटर जरी कलला तरी एका बाजूची फट दीड आणि दुसरीकडची अडीच होते. मग सगळा डिस्चार्ज अरुंद बाजूला गोळा होतो आणि हवा मात्र रुंद बाजूने निसटते. अंधारात नळीच्या तोंडाकडून पाहिलं की हे लगेच समजतं: उजेडाचं कडं सगळीकडे सारखं दिसायला हवं, चंद्रकोर दिसता कामा नये.

सीलसाठी व्हायटॉनच्या रिंगा वापरा. नायट्राइल आणि नैसर्गिक रबर ओझोनने काही दिवसांत चिरतात. जोडनळ्या टेफ्लॉनच्या असाव्यात. सिलिकोनची नळी टोल्युइन शोषते आणि तासभराने परत सोडते. सिलिकोन ग्रीस तर या टेबलाजवळही आणू नका. त्याच्या वाफेतून उत्प्रेरकावर सिलिकाचा पातळ थर बसतो आणि तो धुऊन किंवा भाजून जात नाही.

या मापांनी डिस्चार्जचं आकारमान सुमारे २४ घन सेंटिमीटर येतं. मिनिटाला ५ लिटर प्रवाहात हवा त्यात ०.२९ सेकंद राहते.

पायरी २: कापडावर लेप

कापड ई-ग्लास या काचतंतूच्या धाग्याचं, विरळ विणीचं घ्या. कारखान्यातून येताना त्याच्यावर सेंद्रिय कांजी असते, ती आधी जाळा: ४५० अंश सेल्सिअसला २ तास. ही पायरी गाळली की पहिले दोन दिवस कांजी जळून कार्बन डायऑक्साइड निघत राहतो आणि तुम्हाला वाटतं की टोल्युइनच जळतंय.

लेपासाठी पी२५ जातीचा टायटॅनियम डायऑक्साइड सोयीचा. त्यात साधारण चार भाग अ‍ॅनाटेस आणि एक भाग रूटाइल हे दुसरं स्फटिकरूप असतो, आणि एका ग्रॅमचं पृष्ठक्षेत्र ५० चौरस मीटरच्या आसपास. ९५ ग्रॅम आयनमुक्त पाणी घ्या, त्यात नायट्रिक आम्लाचे थेंब टाकून पीएच ३ वर आणा आणि मग ५ ग्रॅम भुकटी ढवळत ढवळत सोडा. पीएच ६ ते ६.५ च्या आसपास या कणांवरचा विद्युतभार शून्य होतो आणि ते गुठळ्या धरतात. ३ वर सगळे कण धनभारित राहतात आणि एकमेकांना दूर ठेवतात. अल्ट्रासोनिक बाथमध्ये ३० मिनिटं ठेवा. झालेलं मिश्रण दुधासारखं एकजीव दिसायला हवं. भांडं तिरपं केल्यावर काचेवर खडबडीत ठिपके राहिले तर अजून वेळ द्या.

कापड तोला, मिश्रणात २ मिनिटं बुडवा, उभं टांगून निथळू द्या. आडवं वाळवलं तर खालच्या बाजूला साय धरते आणि ती नंतर पापुद्र्यांनी सुटते. ११० अंशांना तासभर वाळवा, मग मिनिटाला ५ अंश चढवत ४५० अंशांना नेऊन २ तास ठेवा. ५५० च्या वर जाऊ नका, अ‍ॅनाटेसचं रूटाइल व्हायला लागतं. पुन्हा तोला. दर चौरस सेंटिमीटरला १ ते २ मिलिग्रॅम लेप हवा. आपल्या दांड्यावर सुमारे १०७ चौरस सेंटिमीटर कापड बसतं, म्हणजे एकूण १०० ते २०० मिलिग्रॅम. कमी भरला तर पुन्हा बुडवा. एकाच बुडीत दाट लेप चढवण्याचा मोह टाळा.

तयार कापड काळ्या कागदावर हलकं आपटा. किंचित पांढरी धूळ पडणं चालेल, पापुद्रे पडले तर लेप टिकणार नाही. याच कापडाचा एक तुकडा लेपाशिवाय भाजून बाजूला ठेवा. तुलनेसाठी तो लागणार आहे. दांड्यावर कापड गुंडाळताना कडेचा एकही धागा सुटा राहू देऊ नका. फटीत उभा राहिलेला धागा ठिणगीला तिथेच बोलावतो, आणि क्वार्ट्झला भोक पडलं तर बहुधा अशाच जागी पडतं.

पायरी ३: दिवे

३६५ नॅनोमीटरच्या एलईडी पट्ट्या चार, नळीभोवती ९० अंशांवर, जाळीपासून २५ ते ३० मिलिमीटर दूर. जाळीच्या बाहेर दर चौरस सेंटिमीटरला ५ मिलिवॅट मोजले जातील इतपत तीव्रता ठेवा. त्यातले ६० टक्के जाळीतून आणि त्यातले ९० टक्क्यांहून थोडे अधिक क्वार्ट्झमधून पार होतात, म्हणजे कापडावर सुमारे २.७ मिलिवॅट पडतात. वरचा फोटॉनांचा हिशेब यावरूनच केला आहे. दिव्यांचा जोर पाचपट वाढवून कामही पाचपट होत नाही. तीव्रता वाढली की जोड्या एकमेकांत विरून जाण्याचं प्रमाणही वाढतं, आणि उलट दिव्यांची उष्णता नळीला मिळते.

एलईडीचा ड्रायव्हर नळीजवळ ठेवू नका. डिस्चार्जचा विद्युत गोंगाट तो जाळतो. दोन मीटर लांब, आच्छादित केबलने जोडा.

पायरी ४: वीज आणि तिचं खरं मोजमाप

२ मिलिमीटर हवेची फट फुटायला ८ किलोव्होल्टच्या आसपास शिखर दाब लागतो, आणि वर काही भाग क्वार्ट्झ स्वतःवर घेतं. म्हणून ०ते १५ किलोव्होल्ट शिखर, ५० हर्ट्झ ते काही किलोहर्ट्झ असा बदलता पुरवठा घ्या. या नळीला ५०० हर्ट्झवर साधारण १० किलोव्होल्ट शिखर दिले की १० वॅट जायला हवेत. घरगुती वारंवारतेवर चालणारा ट्रान्सफॉर्मर जोडला तर उजेड दिसेल, पण वॅट एखाद-दुसराच मिळेल.

पुरवठ्याच्या डब्यावरचा वॅटचा आकडा वापरू नका. त्यातला मोठा भाग ट्रान्सफॉर्मरच्या उष्णतेत जातो. जाळी आणि भूमी यांच्या मध्ये १०० नॅनोफॅरडचा फिल्म कपॅसिटर जोडा. त्याच्यावरचा दाब म्हणजे नळीतून गेलेला विद्युतभार. ऑसिलोस्कोपच्या आडव्या अक्षावर १०००:१ प्रोबमधून आलेला नळीचा दाब आणि उभ्या अक्षावर हा भार दाखवला की तिरप्या समांतरभुज चौकोनाची आकृती मिळते. टी. सी. मॅन्ली यांनी १९४३ मध्ये मांडलेली हीच पद्धत आजही चालते: आकृतीचं क्षेत्रफळ म्हणजे एका आवर्तनाची ऊर्जा. ५०० हर्ट्झला २० मिलिज्यूल आले तर १० वॅट.

कपॅसिटरवर या परिस्थितीत दहा-पंधरा व्होल्टच येतात. पण त्याची जोडणी सुटली तर जाळी थेट उच्च दाबावर जाते. म्हणून त्याला समांतर ९० व्होल्टचा गॅस अरेस्टर लावा आणि जोडण्या डाख देऊनच पक्क्या करा. क्रोकोडाइल क्लिप इथे नको. आकृतीच्या कडा गोल, फुगीर दिसल्या तर डिस्चार्ज सगळ्या लांबीत एकदम पेटत नाही असं समजा: दांडा कललेला किंवा जाळी सैल.

सैल जाळीचा दोष फसवा असतो. जाळी आणि क्वार्ट्झ यांच्यात केसाएवढी फट राहिली तरी तिथली हवा पेटते, नळीच्या बाहेर. आकृतीत ती ऊर्जा मोजली जाते, पण टोल्युइनला ती मिळत नाही, आणि खोलीत ओझोनचा वास येतो. अंधारात बाजूने पाहा. नळीच्या बाहेरच्या अंगावर निळे ठिपके दिसले तर जाळी पुन्हा ताणा.

हाती येणारा कळीचा आकडा म्हणजे विशिष्ट ऊर्जा: वॅट भागिले सेकंदाचा लिटर-प्रवाह. १० भागिले ०.०८३, म्हणजे लिटरमागे १२० ज्यूल. तुलना नेहमी याच आकड्यावर करा. किती किलोव्होल्ट होते यावर नको, कारण कापड बदललं, ओल बदलली की त्याच व्होल्टला वॅट बदलतात.

पायरी ५: टोल्युइन आणि ओल

बबलर बर्फाच्या पाण्यात ठेवून मिनिटाला सुमारे ५६ मिलिलिटर नायट्रोजन त्यातून सोडा. ०.९ टक्के वाफ धरून हा प्रवाह ५ लिटरमध्ये मिसळला की १०० पीपीएम येतात. खरा आकडा क्रोमॅटोग्राफवर (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या उपकरणावर) पाहून प्रवाह जुळवा, गणितावर थांबू नका. बर्फ वितळून तापमान ५ अंशांवर गेलं तरी तीव्रता बरीच वाढते. दर तासाला बर्फ बघा.

मुख्य हवा कार्बन डायऑक्साइडमुक्त हवी. सोडा-लाइमच्या स्तंभातून ती सोडा, नाहीतर बाहेरच्या हवेतले चारशेच्या वर पीपीएम आणि त्यांचे चढउतार तुमच्या मोजमापात मिसळतात. ओलीसाठी हवेचा एक फाटा पाण्याच्या बबलरमधून घ्या आणि २५ अंशांना सापेक्ष आर्द्रता २० ते ५० टक्क्यांत ठेवा. अगदी कोरड्या हवेत हायड्रॉक्सिल तयार व्हायला पाणीच नसतं. फार ओल्या हवेत पाणी लेपाच्या जागा अडवतं. ५० टक्के आर्द्रता म्हणजे पाण्याचे सुमारे १५,६०० पीपीएम, टोल्युइनच्या दीडशेपट, आणि जागा त्याच. शिवाय ओल वाढली की डिस्चार्ज मंदावतो आणि ओझोन घटतो.

पायरी ६: धावांचा क्रम

प्रत्येक धाव स्थिर व्हायला किमान ३० मिनिटं द्या. नळी तापत जाते आणि पहिल्या दहा मिनिटांतले आकडे पुढच्या तासाशी जुळत नाहीत. क्रम असा:

१. वीज नाही, दिवे नाहीत. बाहेरचं टोल्युइन आतल्याइतकं होईपर्यंत थांबा. त्याआधी दिसणारी घट म्हणजे नुसतं शोषण.

२. फक्त दिवे.

३. लेप नसलेलं कापड आणि प्लाझ्मा. नुसता उघडा दांडा घेऊ नका, कापडामुळे डिस्चार्जच बदलतो.

४. लेप असलेलं कापड आणि प्लाझ्मा, दिवे बंद.

५. तिन्ही एकत्र.

तीन ते पाच या धावा लिटरमागे तीन वेगवेगळ्या ऊर्जांवर करा: ३०, ६० आणि १२० ज्यूल. पाचव्या धावेतला कार्बन डायऑक्साइड दुसऱ्या आणि चौथ्या धावेच्या बेरजेपेक्षा जास्त असेल तरच दोघांनी एकमेकांना हात दिला असं म्हणता येतं. एकट्या प्लाझ्मानेच ९० टक्के टोल्युइन संपवलं असेल तर जोडीला दाखवायला जागाच उरत नाही. म्हणून एकट्या प्लाझ्माचं काम ३० ते ५० टक्क्यांवर राहील अशी ऊर्जा निवडून तुलना करा.

पायरी ७: कार्बनचा हिशेब

टोल्युइनच्या एका रेणूत सात कार्बन. १०० पीपीएम पूर्ण जळालं तर ७०० पीपीएम कार्बन डायऑक्साइड मिळायला हवा. उदाहरण घेऊ. आत १००, बाहेर १५. म्हणजे ८५ टक्के नाहीसं झालं, आणि बहुतेक जण इथेच खूश होतात. पण ८५ चे कार्बन झाले ५९५. मोजले तर कार्बन डायऑक्साइड २८० आणि मोनॉक्साइड ९०, मिळून ३७०. उरलेले २२५ पीपीएम कार्बन कुठे आहेत? काही वायूत बेन्झाल्डिहाइड किंवा फॉर्मिक आम्ल म्हणून, काही कापडावर तपकिरी थर म्हणून. तो तपकिरी थर म्हणजे पुढच्या आठवड्यात मंदावणारी नळी. आणि वायूतले तुकडे मूळ टोल्युइनपेक्षा सौम्य असतीलच असं नाही. जोडीचा फायदा बघायचा तो या २२५ मध्ये: दिवे लावल्यावर हा आकडा खाली आला पाहिजे, आणि मोनॉक्साइडचा वाटाही.

मोजमापात एक सापळा आहे. ओझोनची नेहमीची उपकरणं २५४ नॅनोमीटरच्या शोषणावर चालतात, आणि टोल्युइन व बेन्झाल्डिहाइडही तिथेच प्रकाश खातात. त्यामुळे ओझोन असतो त्याहून जास्त दिसू शकतो. पोटॅशियम आयोडाइडच्या अनुमापनाने पडताळा घ्या, मात्र नायट्रोजन डायऑक्साइडही आयोडाइडशी अभिक्रिया करतो हे ध्यानात ठेवून. नमुना घेण्याची नळी आखूड ठेवा. लांब नळीत ओझोन आणि तुकडे यांचं काम चालूच राहतं आणि तुम्ही नळीच्या बाहेरचं रसायन मोजता.

बिघडतं कुठे

दिवे लावूनही काहीच फरक पडत नाही, ही सर्वांत जास्त येणारी तक्रार. आधी कापड बाहेर काढून रंग पाहा. तपकिरी झालं असेल तर प्रकाश लेपापर्यंत पोचतच नाही. पांढरंच असेल तर जाळीच्या आतल्या बाजूने तीव्रता मोजा. तीही ठीक असेल तर आर्द्रता तपासा, आणि शेवटी ऊर्जा खाली आणा, कारण बहुधा प्लाझ्मा एकटाच सगळं उरकत असतो.

तासाभराने काम घटत असेल आणि नायट्रोजनची ऑक्साइडं वाढत असतील तर नळी तापते आहे. ओझोन उष्णतेत टिकत नाही आणि नायट्रोजनची ऑक्साइडं उष्णतेत वाढतात. बाहेरून पंख्याची हवा मारा किंवा वॅट कमी करा.

दुसऱ्या वाफा वापरायच्या तर प्रत्येकीचं वेगळं दुखणं आहे. हायड्रोजन सल्फाइडमुळे लेपावर सल्फेट साचतं, ते पाण्याने धुता येतं. अमोनियामुळे नळीत अमोनियम नायट्रेटची पांढरी भुकटी धरते. ट्रायक्लोरोएथिलीनसारखी क्लोरीनयुक्त सॉल्व्हंट नवख्यांनी घेऊच नयेत, त्यातून हायड्रोजन क्लोराइड आणि फॉस्जीन निघू शकतात.

मोठ्या प्रमाणावर जाण्याआधी

तासाला १,००० घनमीटर हवा आणि लिटरमागे १२० ज्यूल, म्हणजे ३३ किलोवॅट. हा आकडा कोणत्याही कारखान्याला विचारात पाडेल. लिटरमागे २० ज्यूलवर तेच काम साधलं तर साडेपाच किलोवॅट. म्हणून प्रयोगशाळेत १२० ज्यूलवर ९५ टक्के मिळवण्यापेक्षा २० ते ३० ज्यूलवर उत्प्रेरक आणि प्रकाश किती भर घालतात हे शोधणं मोलाचं आहे. आमच्या मते नवीन माणसाने आपला बहुतेक वेळ तिथेच घालवावा. ही पद्धत वास आणि विरळ वाफांसाठी आहे. दाट सॉल्व्हंट असेल तर आधी शोषण किंवा संघनन हवं. रंगाचे तुषार, तेलाचं धुकं, धूळ यांना आधी गाळणी लागते, नाहीतर लेप आठवड्यात झाकून जातो.

बंद करताना

आधी टोल्युइन बंद करा आणि बबलरची झडप मिटवा. मग प्लाझ्मा. दिवे आणि ओलसर हवा मात्र चालू ठेवा आणि कार्बन डायऑक्साइडच्या उपकरणाकडे पाहत राहा. टोल्युइन येत नाही, वीज नाही, तरी काही पीपीएम कार्बन डायऑक्साइड निघत राहतो, कारण कापडावर साचलेले तुकडे प्रकाशात जळत असतात. दिवे क्षणभर विझवून बघा: आकडा उतरतो. लावा: चढतो. तुमचा लेप जिवंत असल्याची याहून सोपी खूण नाही. या वेळात निघालेला एकूण कार्बनही वहीत नोंदवा, हिशेबातल्या २२५ पैकी काही भाग इथे सापडतो. दोन तासांनीही कापड तपकिरीच राहिलं तर ते काढून ४५० अंशांना पुन्हा भाजा. आकडा पायरेषेवर आला की दिवे बंद करा, हवा आणखी १० मिनिटं चालू द्या, दांडा भूमीदांडीने स्पर्श करून मोकळा करा आणि मगच नळी उघडा.